लहान मनगटाचं घड्याळ

"घड्याळ चोरीला गेलंय, आणि ज्या बाईवर आळ आलाय तिने ते घेतलेलं नाही. मला घड्याळही हवंय आणि तिची सुटकाही."

राही शिवलकरने हे खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. गोखले नाक्यावरच्या ऑफिसचा तो जिना तसा काही फार उंच नाही, पण वर येईपर्यंत तिला धाप लागली होती. तांबे पाण्याचा तांब्या आणायला धावले. तेवढं काम ते चोख करत.

अक्षया सुर्वे पूर्वी विमा कंपनीसाठी जळालेल्या बोटींची चौकशी करायची. बोट आपोआप जळाली की जाळली, हे तिला राखेवरून कळायचं. पुढे तिने स्वतःचं खासगी तपासाचं ऑफिस थाटलं आणि निवृत्त हवालदार अनिल तांबे यांना सोबतीला घेतलं. तांबे सज्जन गृहस्थ. आयुष्यभर चोरांच्या मागे राहूनही त्यांना चोर कधी वेळेवर ओळखू आला नाही, याला कोण काय करणार!

"घड्याळ कसलं?" अक्षयाने विचारलं.

"ब्रेसलेटचं. स्टील आणि सोनं. माझे मिस्टर, दीपेश, मोठ्या जहाजावर आहेत." राही जरा हसली. "प्रत्येक बंदरात दुकानात शिरून 'याहून लहान दाखवा' म्हणायचे. माझं मनगट आधीच लहान. लेडीज घड्याळसुद्धा हातावर ताट ठेवल्यासारखं दिसायचं. गेल्या वर्षी माझ्या पोटात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन, मग औषधं. ते सगळं संपलं तेव्हा त्यांना सिंगापूरला हे मिळालं. तरी पट्ट्यातल्या दोन कड्या काढाव्या लागल्या. दुकानदाराने त्या पुडीत घालून दिल्या. दीपेश म्हणाले, अंगावर मांस चढलं की परत घालू."

"घातल्या?"

"नाही. पण आणखी काढाव्याही लागल्या नाहीत. पहिल्या दिवशी बसलं तसंच परवापर्यंत बसत होतं. मी सासूबाईंना विचारायचे, आई, मी बारीक झाल्ये का हो? त्या म्हणायच्या, मला कशाला विचारतेस, घड्याळाला विचार. मी मनगट बघायचे आणि मला बरं वाटायचं." ती क्षणभर थांबली. "मॅडम, मला ते वेळ बघायला नकोय. ते हातावर नीट बसतंय तोवर मी बरी आहे, असं मी धरून चालल्ये. ते गेल्यापासून मला झोप नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"रिपोर्ट आईच आणतात. चांगले आहेत म्हणाल्या. नुसता अशक्तपणा आहे."

अक्षयाची नजर तिच्या हातांवर होती. हिरव्या बांगड्या. बोटातल्या अंगठीला आतल्या बाजूने पिवळा दोरा घट्ट गुंडाळलेला.

"बांगड्या नव्या?"

"नव्याच, पण माप लग्नातलंच. कासारणीने परवाच भरल्या. आई म्हणाल्या, बघ, माप तेच आहे."

"आणि हा दोरा?"

"आईंनीच गुंडाळला. मासे धुताना अंगठी निसटते म्हणून."

घड्याळ गेलं ते असं. राही आंघोळीला जाताना ते काढून सासूच्या हातात द्यायची, पाणी लागू नये म्हणून. हा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी सासूने ते फडताळावर ठेवलं आणि ती परसात मासळी वाळत घालायला गेली. राही बाहेर आली तर घड्याळ नाही. शेजारी तिची सोन्याची साखळी जशीच्या तशी. घरात तेव्हा केर काढायला आलेली हौसा होती. धाकट्या दिराने, केतनने, आख्ख्या मिरकरवाड्याला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला आणि हौसा चोर ठरली.

"मिस्टरांना कळवलंत?"

"नाही. आमच्यात समुद्रावर गेलेल्या माणसाला वाईट बातमी धाडत नाहीत. पाण्यावर माणसाचं मन घट्ट राहायला हवं ना. आई तर मला सर्दी झालेलीसुद्धा सांगू देत नाहीत."

ती जिना उतरून गेल्यावर तांबे म्हणाले, "सरळ केस आहे, मॅडम. घरचाच माणूस."

"तुम्ही नेहमी हेच म्हणता, तांबे."

"आणि कधी कधी ते खरं निघतं," तांबे म्हणाले. अक्षया एव्हाना चपला घालत होती.

शिवलकरांचं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात बोंबलांच्या ओळी, पडवीत शिवणयंत्र, आणि यंत्रापाशी सासूबाई. विमला शिवलकर साठीच्या, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. मांडीवर एक ब्लाउज होता. त्यांनी चष्म्याशिवाय सुईत दोरा एका फटक्यात ओवला.

"बसा. चाय घ्या. पण घड्याळाचा काय ता मनावर घेव नका," त्या म्हणाल्या. "गेला तर गेला. वस्तूच ती."

"महागाची होती."

"असंल. माणसाहून महाग नाय."

"हौसावर तुमचा संशय?"

"हौसानं नाय घेतलंन!" त्या एकदम कडाडल्या. "मी केतनला पण तेच सांगितलंय. ती घेणार नाय."

"मग कोणी घेतलं?"

विमलाबाईंनी यंत्राचं चाक फिरवलं. "कोणीच नाय घेतलं समजा. उंदरानं ओढून नेलं असंल."

तांब्यांनी वहीत उंदीर लिहून घेतला.

अक्षयाने ब्लाउज उचलून पाहिला. राहीचाच. बाजूच्या शिवणीच्या बाहेर आधीच्या शिवणीची भोकं दिसत होती, आणि तिच्याही बाहेर आणखी एक ओळ होती. यंत्राच्या खणात बॉबिन, खडू आणि बॉबिन केसचा स्क्रू फिरवायचा तो नखाएवढा स्क्रूड्रायव्हर पडला होता.

राहीच्या खोलीत फारसं सामान नव्हतं. पलंगासमोरच्या भिंतीवर उभा चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

"इथे काय होतं?"

"आरसा," राही म्हणाली. "आईंच्या हातून फुटला. नवा आणूया म्हणतात, राहून जातंय."

फडताळात घड्याळाची पेटी होती. रिकामी. अक्षयाने आतली मखमली उशी काढली. खाली प्लॅस्टिकची पुडी होती. राही तेव्हा तांब्यांना चहाचा कप देत होती. अक्षयाने पाठ वळवून पुडी हातावर उपडी केली. सोन्याच्या आणि स्टीलच्या कड्यांनी तिचा तळहात भरून गेला. काहींच्या स्क्रूभोवती बारीक ओरखडे होते.

तिने त्या कड्या परत पुडीत भरल्या आणि पेटी बंद केली. तिचा चेहरा उतरला होता. तांब्यांना वाटलं, चहात साखर कमी पडली.

केतन जेटीवर भेटला. बोटीच्या केबिनमध्ये मासे दाखवणारं यंत्र उघडून बसला होता, भोवती बारीक स्क्रूड्रायव्हरचा आख्खा संच पसरलेला. तांब्यांचे डोळे लकाकले.

"मी चोरीन वहिनीचं घड्याळ?" केतन उसळला. "दादाने जीव टाकून आणलेलं! हौसानेच नेलंय. दुसरं कोण होतं घरात?"

"तुझी आई होती," अक्षया म्हणाली.

"आई काय स्वतःच्या घरात चोरी करील? काय पण बोलता मॅडम." तो पुन्हा यंत्रावर वाकला. "पण आईचं डोकं ठिकाणावर नाय हल्ली, ते खरं. गेल्या आठवड्यात जेवताना मी वहिनीला नुसतं म्हटलं, जरा खा गो, किती सुकल्येस. तर आईने माझ्यापुढचं ताट उचलून नेलं. भरलेलं ताट! लहानपणी पण कधी असं केलं नव्हतं."

"राही तेव्हा काय म्हणाली?"

"वहिनी? ती आपली घड्याळ फिरवत बसली मनगटावर."

हौसा जेटीच्या पार टोकाला, जाळ्यांच्या ढिगाआड बसली होती. पलीकडे बायका घोळक्याने कोळंबी निवडत होत्या. तिला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावणारही नव्हतं. ज्या हातांवर चोरीचा आळ त्या हातांना टोपली कोण देईल? माणसं अशा वेळी किती पटकन एक होतात, ते पाहून कुणाचाही जीव विटावा.

"मी कशाला नेव गो बाय?" हौसाने आपला हात पुढे केला. मिठाने फुटलेला, लाकडासारखा रुंद. "ह्या मनगटाला ता बाहुलीचा घड्याळ होल काय? आनि इकाया जाव तर कोन इचारनार नाय, हौसे तुला कुटून गावला?"

"मग तू गप्प का बसलीस?"

"गप कुटं? मी देवलात गेले. गुरवाला सांगितला, माज्या नावानं गाराना घाल. जेनं घड्याळ नेलान त्येच्या घरात दिवा लावाया मानूस ऱ्हाव नको. मना काय भ्याव? मी नेलाच नाय!" तिने पदराने नाक पुसलं. "गुरवानं नारल हातात घेतलान, तर इमलाकाकी धावत आली. पायात चप्पल नाय, डोकीवर पदर नाय. गुरवाच्या हातातनं नारल हिसकावलान. माजे पाय धरलान, बाय! शिवलकरांच्या म्हातारीनं माजे पाय धरलान. म्हनते, हौसे, गाराना नको, तुला काय हवा ता देते."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार? मना हवा ता एकच. माजा नाव साफ करा. घरी नातू इचारते, आजी, तू चोरलंस काय?" आणि ती ढसाढसा रडायला लागली.

परतताना रिक्षात तांबे उत्साहात होते. "केतन! घड्याळ खोलायची हत्यारं त्याच्याकडे, संधी त्याच्याकडे, आरडाओरडाही त्यानेच केला. म्हातारीला पोराचा संशय आला म्हणून तिने गाऱ्हाणं मोडलं. आई ती आई. बरोबर?"

"शेवटचं वाक्य बरोबर."

"म्हणजे?"

"तांबे, मला ही केस सोडून द्यावीशी वाटतेय." अक्षया बाहेर बघत होती. "खरं सांगितलं तर एक बाई मोडते. नाही सांगितलं तर दुसरी मोडते. हौसाला सोडवायचं तर चोर दाखवावा लागतो. आणि चोर दाखवला की चोरी कशासाठी केली, ते विचारणारच ना कोणीतरी?"

"विचारू दे की. चोर उत्तर देईल."

"त्याचीच भीती वाटते," ती म्हणाली. तांब्यांना काही कळलं नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच अक्षयाला त्यांचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे शिवलकरांच्या पडवीत जमले. विमलाबाई यंत्रापाशी, केतन खांबाला टेकून, हौसा पायरीवर. वर यायला ती तयार नव्हती.

"राही, तू जरा आत जातेस?" अक्षयाने विचारलं.

"तुम्हाला बोलावलंय मी. ऐकणार पण मीच."

अक्षयाने विमलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"ठीक आहे. हौसाने घड्याळ घेतलेलं नाही. केतननेही नाही. चोराला सोनं नको होतं, नाहीतर साखळी राहिली नसती, आणि पेटीत सोन्याच्या कड्याही राहिल्या नसत्या."

"त्या दोन कड्या?" राही म्हणाली.

"दोन नाहीत, राही. मूठभर आहेत."

केतन खांबापासून सरळ झाला.

"घड्याळ घरात आलं तेव्हा पुडीत दोनच होत्या. बाकीच्या नंतर निघाल्या. एकेक करून. तुला कळू न देता कोण काढू शकतं? घड्याळ तुझ्या हातावरून फक्त आंघोळीपुरतं उतरायचं आणि ते रोज एकाच माणसाच्या हाती जायचं. बॉबिन केसचा स्क्रूड्रायव्हर घड्याळाच्या स्क्रूला चालतो. जरा मोठा पडतो, म्हणून ओरखडे उठतात. आणि त्या माणसाची नजर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे."

"आई?" केतन पुटपुटला. "पण कशाला?"

"अंगठीला दोरा कशाला गुंडाळला? ब्लाउज एकदा आत घेतला, मग पुन्हा आत घेतला, तो कशाला? आरसा भिंतीवरून कुठे गेला? तू 'सुकल्येस' म्हणालास तर तुझं ताट का उचललं?" अक्षयाचा आवाज खाली आला. "बांगड्यांचं काही करावं लागलं नाही. बांगडी पंजाच्या हाडावर अडते. माणूस कितीही झिजला तरी माप फारसं बदलत नाही. मनगटावरचं घड्याळ मात्र झिजेबरोबर सैल होतं. म्हणून ते रोज नीट बसवावं लागत होतं."

राहीने आपलं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. बोटं एकमेकांवर सहज गेली.

"मग ते चोरलं का?" तांब्यांच्या तोंडून निघून गेलं. नंतर त्यांना फार वाईट वाटलं.

"कारण काढायला आता कडीच उरली नव्हती, तांबे. कुलपाजवळच्या कड्या सुटत नाहीत. त्यानंतर ते हातावरून घसरलं असतं. म्हणून ते नाहीसं व्हायला हवं होतं."

"आणि माजा गाराना?" हौसाने पायरीवरून विचारलं.

"चोराच्या घरात दिवा लावायला माणूस राहू नये, असं तू मागणार होतीस. चोर या घरातच होता. विमलाबाईंना स्वतःची भीती नव्हती. या घरातल्या कोणावर ते येऊन पडेल, याची होती. नारळ हिसकावला त्या दिवशीच त्यांनी चोरी कबूल केली होती."

विमलाबाई उठल्या. देवघरात गेल्या आणि तांदळाच्या कलशात हात घालून घड्याळ काढून आणलं. ते हौसाच्या पायरीवर ठेवून त्या तिच्यासमोर बसल्या.

"मी चोर गो, हौसे. अख्ख्या वाड्यात जाऊन सांगतंय. लोभ सुटला मला. सोन्याचा लोभ." मग मागे वळून घाईघाईने म्हणाल्या, "राही, ह्या बाईंचं ऐकू नको. कड्या मी विकायला काढल्या होत्या. तू चांगली हायस. रिपोर्ट चांगला हाय."

चोरपण अंगावर घेऊन मोकळी व्हायला निघालेली ती म्हातारी बघवत नव्हती. केतनने तोंड फिरवलं.

राही पायरीपर्यंत आली, घड्याळ उचललं आणि हातात घालून कुलूप लावलं. हात वर केला. घड्याळ कोपराकडे घसरलं.

"आई, किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"गणपतीच्या आधीपासनं." विमलाबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "परत आली गो ती गाठ. दुसरीकडे पसरली. डॉक्टर म्हणाले, आता हिला त्रास देऊ नका. मी म्हटलं, नाय देत. तुला रात्री झोप लागायची. ती मोडवेना मला."

"मला संशय होताच," राही म्हणाली. "पण घरात कोणाला विचारायचं? म्हणून मॅडमकडे गेले. परक्या माणसाला तरी खोटं बोलायला काही कारण नसतं. एवढं कळल्यावर मात्र वाटतंय, विचारलं नसतं तर बरं झालं असतं." आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं तिचं रडू बाहेर पडलं. हौसा पायरी चढून वर आली आणि तिने तिला जवळ घेतलं. तिला आता कोणी वर बोलावलं नव्हतं, अडवलंही नाही.

थोड्या वेळाने राहीने पदराने तोंड पुसलं आणि फोन उचलला.

"कोणाला लावतेस?" विमलाबाईंनी तिचा हात धरला. "नको गो. पाण्यावर हाय तो. आजवर ह्या घरातनं कोणी..."

"माहीत आहे."

फोन लागला. पलीकडून इंजिनाची घरघर आणि तिच्यावरून दीपेशचा मोठा, खूश आवाज. "काय गो! आज दुपारी कशी आठवण? घड्याळाचा फोटो नाय धाडलास बरेच दिवस."

"दीपेश, ते मला होत नाही आता. मोठं होतं."

"होऊ दे. शिमग्याला येतोयच ना मी, तेव्हा कमी करून घेऊ. पालखीला ते घालूनच यायचं हां!"

राहीने डोळे मिटले.  पुढचं सांगण्यासारखं तिला अजून पुरतं माहीतही नव्हतं. तिने फोन सासूपुढे धरला.

"तुम्ही सांगा, आई. डॉक्टर काय म्हणाले ते. मला पण ऐकायचंय."

विमलाबाईंनी दोन्ही हातांनी फोन घेतला. दीपेश "हॅलो, हॅलो" करत होता.

"दीपू," त्या म्हणाल्या, "शिमग्यापर्यंत थांबू नको, बाबा. ती तेवढी राहणार नाय."

पलीकडे नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं.